घुबड बोर्डावर उतरवताना

लेकीने पेनने काढलेलं घुबड सर्किट बोर्डावर छापून देईन, असं मी तिला कबूल केलं होतं. बोर्ड साधाच, अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या छोट्या दिव्याचा. सर्किट दोन संध्याकाळींत झालं. घुबडाला तीन आठवडे लागले.

मी कायकॅड हे सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात इमेज कन्व्हर्टर असतो. चित्र उघडायचं, थ्रेशोल्डचा स्लायडर सरकवून काळं-पांढरं ठरवायचं, आकार द्यायचा, सिल्कस्क्रीनचा, म्हणजे बोर्डावरच्या छपाईच्या शाईचा, थर निवडायचा आणि फूटप्रिंट, म्हणजे बोर्डावर ठेवता येणारा आकार, म्हणून सेव्ह करायचं. मी चित्राचा फोटो काढला, तो लहान केला, रुंदी २० मिमी दिली आणि कारखान्याला गर्बर फाइल्स, म्हणजे बोर्डाच्या थरांचे आराखडे, पाठवून दिल्या.

बोर्ड आले तर घुबडाला पिसंच नव्हती. पोट कोरं, कडांभोवती पांढरे ठिपके. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, हे आंधळं दिसतंय."

तिचं खरं होतं. तिने बुबुळं गच्च काळी भरली होती. सिल्कस्क्रीनची शाई पांढरी, म्हणजे चित्रातलं काळं तेवढं बोर्डावर पांढरं होतं. बुबुळं पांढरीफटक पडली. कन्व्हर्टरमध्ये निगेटिव्हचा पर्याय आहे, पण त्याने सगळंच उलटतं आणि घुबडामागे शाईचा पांढरा चौकोन येतो. शेवटी फक्त डोळे हाताने उलटे केले: बाहेरचं वर्तुळ भरीव, मध्ये बुबुळाएवढं भोक. त्या भोकातून बोर्डाचा गडद हिरवा रंग दिसतो आणि घुबड बघायला लागतं.

पिसांचं कारण साध्या भागाकारात सापडलं. फोटो ३०० पिक्सेल रुंद होता. २० मिमीत बसवल्यावर एक पिक्सेल ०.०६७ मिमीचा झाला आणि पिसांच्या रेघा जेमतेम एकेक पिक्सेलच्या. शाईची रेघ ०.१५ मिमीपेक्षा बारीक असली की ती उमटेल याचा भरवसा नाही. ठिपके फोटोच्या जेपीईजी फॉरमॅटमुळे आले होते. त्या फॉरमॅटमध्ये कडांभोवती करडा धुरळा राहतो आणि थ्रेशोल्ड त्यातला काही भाग काळा ठरवतो.

मग चित्र इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं. त्यातल्या ट्रेस बिटमॅपने पिक्सेलच्या रेघांचे आकार करून घेतले, कचरा पुसला आणि प्रत्येक आकाराला ०.१ मिमीची किनार दिली. किनार निम्मी आत, निम्मी बाहेर जाते, पण रेघेला दोन्ही बाजू असल्यामुळे ती एकूण ०.१ मिमीनेच जाड होते. म्हणजे साधारण ०.१७ मिमी. आता दोन पिसांमधली फट बुजायला लागली. फटीलाही जागा हवी, नाहीतर शाई एक होते. म्हणून एकाआड एक पीस काढून टाकलं. हे करताना जिवावर आलं, कारण ती रेघ न् रेघ तिची होती.

पुढचं पटकन झालं. ६०० डीपीआयने (इंचाला ६०० पिक्सेल) पीएनजी फाइल काढली, ४७२ पिक्सेल रुंद, पुन्हा कन्व्हर्टरमधून नेली आणि बोर्ड खऱ्या मापात कागदावर छापून पाहिला. शेपूट एका रेझिस्टरच्या पॅडवर, म्हणजे तो सोल्डर करायच्या धातूच्या जागेवर, येत होती. पॅडवर शाई आली तर सोल्डर नीट धरत नाही, म्हणून कारखाना ती तिथून कापतो. घुबड ३ मिमी वर सरकवलं.

दुसऱ्या खेपेचे बोर्ड आले तेव्हा लेकीने एक उचलून खिडकीशी नेला. शाई किंचित उंच लागते, त्यावरून बोट फिरवत तिने पिसं मोजली.

"माझी बावीस होती," ती म्हणाली. "इथे अकराच आहेत."