चंद्रावरचा प्लॉट, लाडबोरीची रिंग आणि माझी नोकरी

मी अंतराळ कायद्याची वकील. कोल्हापूरला आलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "मग इस्रोत का न्हाईस?" आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, "ते चंद्रावरच्या प्लॉटचं खरं असतंय का गं?"

दुसरा प्रश्न या दिवाळीत राजारामपुरीत मावशीच्या घरी आला. दाजींनी माझ्या मावसबहिणीला लग्नाच्या वाढदिवसाला चंद्रावरची एक एकर जमीन दिलीय. प्रमाणपत्र फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगलंय. सोनेरी किनार, लाल सील, खाली अक्षांश-रेखांश. दाजी शेजारीच चकली खात बसले होते, म्हणून मी म्हटलं, फ्रेम छान आहे.

खरं उत्तर इथे लिहिते, दाजी ब्लॉग वाचत नाहीत. १९६७ चा बाह्य अंतराळ करार हा आमच्या क्षेत्राचा पाया. त्याचं कलम २ सांगतं की चंद्र किंवा कुठलाही ग्रहगोल कोणत्याही देशाला सार्वभौमत्व सांगून, वापरून, ताबा घेऊन किंवा आणखी कुठल्याही मार्गाने आपला म्हणता येणार नाही. प्लॉट विकणारे म्हणतात, मनाई देशांना आहे, माणसांना कुठे आहे? युक्तिवाद म्हणून ऐकायला बरा. पण मालकी मान्य करायला कुठल्या तरी राज्याचा कायदा मागे लागतो, आणि त्या राज्यालाच तिथे हक्क नसेल तर ते खरेदीखत कशाच्या जोरावर नोंदवणार? शिवाय कलम ६ प्रमाणे खासगी माणसाच्या अंतराळातल्या उद्योगांची जबाबदारीही त्याच्या देशावरच येते. थोडक्यात, दाजींचा सातबारा निघायचा नाही.

चंद्रावरून खणून आणलेल्या दगडमातीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. जमीन तुमची नाही, पण काढलेला माल तुमचा, असे कायदे अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये केले. भारताने २१ जून २०२३ ला सही केलेल्या आर्टेमिस अकॉर्ड्समध्येही, म्हणजे चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या समझोत्यातही, सूर तोच आहे. यावर जगभरचे वकील अजून भांडतायत. भांडोत, आमची पोटं त्यावर चालतात.

मी नेदरलँड्समध्ये लायडनला राहते. कोल्हापुरात एलएलबी केलं, थोडी ज्युनियरशिप केली आणि मग हवाई आणि अंतराळ कायद्यातल्या एलएलएमसाठी लायडन विद्यापीठात आले. या विषयाची जुनी, नावाजलेली ठिकाणं मोजकीच. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातली संस्था १९५१ पासूनची, आणि युरोपात लायडन. गाव छोटं, कालव्यांचं. हेगची आंतरराष्ट्रीय न्यायालयं रेल्वेने पाव तासावर, आणि युरोपियन स्पेस एजन्सीचं सर्वांत मोठं केंद्र शेजारच्या नोर्डवाइकला, बसच्या अंतरावर. वाऱ्याचं मात्र कुणी आधी सांगत नाही. इथे चढ नाहीत म्हणून सायकल सोपी असं वाटतं, आणि मग समुद्रावरून वारा समोरून आला की पन्हाळ्याचा घाट बरा म्हणायची वेळ येते. भाड्याची खोली मिळवणं हे वर्गातल्या कुठल्याही विषयापेक्षा अवघड. त्यावर स्वतंत्र लिहीन, आत्ता रक्तदाब वाढवायचा नाही.

आता मी पृथ्वीची छायाचित्रं घेणारे छोटे उपग्रह चालवणाऱ्या एका कंपनीत आहे. आईच्या मैत्रिणींना वाटतं मी दिवसभर दुर्बिणीत बघते. मी दिवसभर पीडीएफ बघते. उपग्रह सोडण्याआधी डच सरकारचा परवाना लागतो, त्यासाठी इथे २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. मग विम्याची पॉलिसी, आणि रॉकेट कंपनीशी करार. त्या करारातलं एक कलम नवख्याला चक्रावून टाकतं. दोन्ही बाजू आधीच लिहून देतात की आपापलं नुकसान आपणच सोसायचं, एकमेकांवर दावा लावायचा नाही. म्हणजे तुमचा उपग्रह त्यांच्या रॉकेटसकट समुद्रात गेला तरी तुम्ही कोर्टात जायचं नाही, विमा कंपनीकडे जायचं. आमच्या कोल्हापुरातल्या सरांना हे सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून विचारलं, "मग वकील खाणार काय?"

त्याच्यापुढे फ्रिक्वेन्सी. उपग्रह जमिनीशी बोलतो ती रेडिओ लहर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात, म्हणजे आयटीयूत, आपल्या सरकारमार्फत नोंदवावी लागते. ढोबळ नियम असा की आधी येईल त्याचा मान आधी, आणि अर्ज केल्यावर ७ वर्षांत ती लहर वापरात आणून दाखवायची, नाहीतर नंबर गेला. हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. पाटाच्या पाण्याला वरच्या अंगाचा शेतकरी आधी दारं धरतो आणि टेलवाल्याच्या उसापर्यंत पाणी पोचेतो पाळी संपते, हे आमच्या आबांकडून लहानपणापासून ऐकलंय. श्रीमंत देश वरच्या अंगाला, बाकीचे टेलला. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत, जिथला उपग्रह जमिनीवरून एकाच जागी थांबलेला दिसतो, जागा मोजक्या, म्हणून विकसनशील देशांनी भांडून काही जागा आणि लहरी आधीच प्रत्येक देशाच्या नावावर राखून घेतल्या. तो सगळा इतिहास वाचताना मला जिनिव्हापेक्षा आमच्या पाणीवाटपाच्या बैठकाच जास्त आठवल्या.

या नोकरीतला थरार म्हणाल तर एका शुक्रवारचा. संध्याकाळी सायकलचं कुलूप काढत होते तोवर आमच्या उड्डाण इंजिनिअरचा फोन. दुसऱ्या एका कंपनीचा उपग्रह आमच्या एका उपग्रहाच्या फार जवळून जाणार, धडकेची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा जास्त. बऱ्याच ठिकाणी हा आकडा ओलांडला की उपग्रह हलवायचा विचार सुरू होतो. त्याचा प्रश्न साधा होता. "कायद्याने कुणी सरकायचं? त्यांनी की आम्ही?" मी पार्किंगमध्ये उभी राहून त्याला सांगितलं की असा नियमच नाही. समुद्रात कोणत्या जहाजाने वाट सोडायची ते ठरलेलं आहे, विमानांनाही आहे. अंतराळात १९६७ च्या करारातलं कलम ९ एवढंच म्हणतं की दुसऱ्याच्या हिताची योग्य ती दखल घ्या. पलीकडून, आमचं इंधन थोडं राहिलंय, तुम्ही हलवाल का, असा ईमेल आला. आम्ही हलवला. मी त्या रात्री काय केलं? तर नुकसान झालंच तर उद्या दाखवता यावं म्हणून कुणी कुणाला किती वाजता काय कळवलं याची टिपणं नीट फाईल केली. १० फेब्रुवारी २००९ ला सायबेरियाच्या आकाशात इरिडियम ३३ हा अमेरिकन कंपनीचा उपग्रह आणि बंद पडलेला रशियन कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले, त्यांचे तुकडे आजही फिरतायत. अंतराळात झालेल्या नुकसानीची भरपाई मागायची तर समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते. आणि सरकायचं कुणी हेच ठरलेलं नसेल तर चूक कुणाची?

जमिनीवर पडलं तर मात्र गणित उलटं होतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. मी लायडनला खिडकीत हातभर गुढी उभारून श्रीखंडाच्या नावाखाली ग्रीक दही घोटत होते, आणि घरच्या ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस सुरू झाला. महाराष्ट्राच्या आकाशात जळत जाणारी रेघ. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे मिसाईल. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग पडली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. जाणकारांचा अंदाज चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटच्या टप्प्याचा होता.

काकांचा फोन आला, "भंगारात घातली तर पैसे कुणाचे?" प्रश्न चेष्टेचा, उत्तर कायद्यात आहे. अंतराळात सोडलेली वस्तू जमिनीवर पडली म्हणून मालकी बदलत नाही. तिच्या देशाने मागितली तर १९६८ च्या बचाव करारानुसार परत द्यावी लागते, आणि ती शोधून परत करण्याचा खर्च तोच देश भरतो. ती एखाद्याच्या घरावर पडली असती तर? १९७२ च्या दायित्व कराराप्रमाणे जमिनीवरच्या नुकसानीला चूक सिद्ध करायची गरज नाही, सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायचीच. फक्त हा दावा सहसा गावकरी करत नाही, त्याच्या वतीने भारत सरकार राजनैतिक मार्गाने करतं, तेही एका वर्षाच्या आत. असा दावा झाल्याचं ठळक उदाहरण एकच. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला, कॅनडाने साठ लाखांवर डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. निम्म्यावर सेटलमेंट, म्हणजे आपल्याकडच्या लोकअदालतीपेक्षा फार काही वेगळं नाही.

आणि यातली गंमत बघा. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या जुन्या बॅटऱ्यांच्या सांगाड्याचा साधारण ७०० ग्रॅमचा तुकडा फ्लोरिडात एका घराचं छप्पर आणि मजला फोडून आत आला. तोच तुकडा परदेशात पडता तर अमेरिका आपोआप जबाबदार. स्वतःच्या नागरिकांना मात्र हा करार लागूच होत नाही. त्या कुटुंबाला घरच्याच कायद्याखाली नासाकडे दावा करावा लागला.

वियन्नाला एकदा संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीच्या कायदेविषयक उपसमितीत मागच्या रांगेत बसायचा योग आला. मेट्रोतून उतरलं की समोरच त्या वळणदार इमारती. अंतराळ नेमकं कुठून सुरू होतं हा विषय तिथे १९६० च्या दशकापासून चर्चेत आहे. शंभर किलोमीटरची रेषा अनेकजण मानतात, पण करारात ती नाही. निर्णय सर्वसहमतीने, त्यामुळे एका देशाने नकारार्थी मान हलवली की विषय पुढच्या वर्षी. पहिल्या दिवशी मी भारावले होते. तिसऱ्या दिवशी कॉफीच्या रांगेत पहिला नंबर लावायला शिकले.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं, ती शहाजी लॉ कॉलेज आणि आसपासची मुलं. मला मेसेज येतात, "ताई, स्पेस लॉ करायचंय, कर्ज काढू का?" माझं मत स्पष्ट आहे, पटलं नाही तर सोडून द्या. थेट पदवीनंतर कर्ज काढून येऊ नका. युरोपियन स्पेस एजन्सी मुख्यतः सदस्य देशांच्या नागरिकांनाच नोकरी देते, भारतीय पासपोर्टवर ते दार जवळपास बंद आहे. अमेरिकन कंपन्यांत निर्यात नियंत्रणाचे नियम आडवे येतात, कारण रॉकेटचं तंत्रज्ञान परदेशी माणसाला दाखवणं हीच तिथे निर्यात समजतात. संयुक्त राष्ट्रांचं अंतराळ कार्यालय छोटं, आणि त्यांच्या इंटर्नशिपला पगार नसतो. वियन्नात बिनपगारी राहायचं म्हणजे घरच्यांनी किती वर्षांची उसाची बिलं मोडायची?

उलट या घडीला काम भारतात वाढतंय. २०२० मध्ये इन-स्पेस, म्हणजे खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणारी सरकारी संस्था, आलं, २०२३ मध्ये अंतराळ धोरण, २०२४ मध्ये परदेशी गुंतवणुकीचे दरवाजे सैल झाले. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि चेन्नईच्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये आपापली रॉकेटं उडवून दाखवली. या कंपन्यांना परवाने, करार, विमा, लहरी हे सगळं बघणारी माणसं लागतात. आणि संसदेने केलेला अंतराळ कायदा मात्र अजून नाही, २०१७ चा मसुदा मसुदाच राहिला. धोरणावर गाडा चाललाय. कायदा येईल तेव्हा त्याचा अर्थ लावायला वकील लागतील, आणि तेव्हा पाच-सात वर्षांचा अनुभव असलेला माणूस हवा असेल.

म्हणून आधी वकील व्हा. करार वाचायला शिका, दूरसंचार कायदा शिका, लवाद शिका. इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स आणि खासगी कंपनी देवास यांचं प्रकरण वाचा. २००५ चा करार, २०११ मध्ये रद्द, आणि त्याचे खटले भारताच्या सर्वोच्च न्यायालयापासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यात अंतराळ कमी आणि कंपनी कायदा जास्त आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच बसतंय, त्यामुळे चांगलं काम शिकायला मुंबईच गाठली पाहिजे असंही राहिलं नाही. सरांच्या चेंबरमध्ये दोन वर्षं तारखा घेण्यात गेली असं मला तेव्हा वाटायचं. आज परवान्याच्या अर्जात सरकारी अधिकारी काय विचारणार हे मला आधी कळतं, ते तिथलंच शिक्षण.

कॉलेजात असतानाच चव बघायची असेल तर मॅनफ्रेड लॅक्स मूट कोर्ट, म्हणजे अंतराळ कायद्यावरची लुटुपुटूच्या खटल्याची स्पर्धा, करा. १९९२ पासून चालू आहे, आशिया-पॅसिफिकची स्वतंत्र फेरी असते आणि अंतिम फेरीला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश बसतात. प्रश्न दरवर्षी नवा, नेटवर फुकट मिळतो. कोल्हापुरातून कुणी टीम बांधत असेल तर मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, वाचून द्यायला मी तयार आहे. फक्त डेडलाईनच्या आदल्या रात्री पाठवू नका, आणि तळटिपा आधी स्वतः तपासा.