संगमाकडच्या पाणंदी : गाडीच्या आधी माती बघा

हत्तरसंग कुडलला येणारे बहुतेक जण संगमेश्वराचं दर्शन घेतात, शके 940 चा मराठी शिलालेख पाहतात आणि डांबरी रस्त्यानेच सोलापूरला परततात. सीना-भीमेच्या संगमाभोवतालच्या शिवारातल्या पाणंदी, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटा, तशाच राहतात. अंतर थोडं, पण मुरूम, काळी माती आणि नदीकाठचा गाळ तिन्ही एकाच फेरीत भेटतात.

इथे सगळं मातीवर ठरतं. तांबूस मुरमावर गाडी निर्धास्त चालते. काळी माती भिजली की फुगते, टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि चारही चाकं गुळगुळीत होतात. मग चारही चाकांना ताकद देणाऱ्या फोर बाय फोरचाही उपयोग नाही. पुढे चिखल मडगार्डमध्ये भरून चाक वळेनासं होतं. शेतात वाफसा (मशागतीजोगी ओल) आला तरी पाणंद दोन दिवस मागेच असते, कारण ती खोलगट आणि बाभळींच्या सावलीत असते. वर खपली वाळलेली, खाली ओल. उतरून टाच दाबा. सहज रुतली तर गाडी तिथूनच मागे घ्या.

पाणंदीत शिरताना टायरमधली हवा 32 वरून 24 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणा. गाळात 18 पर्यंत चालेल, त्याखाली वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. डांबरावर येताच पुन्हा भरायची, म्हणून कॉम्प्रेसर हवाच. बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चर किट ठेवा.

उसाच्या ट्रॅक्टरांनी चाकोऱ्या खोल केल्या असतील तर दोन्ही चाकं त्यात घालू नका, मधला उंचवटा डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीला, घासतो. एक चाक उंचवट्यावर, दुसरं कडेला. बांधावर किंवा पिकात मात्र चाक जाता कामा नये. पाइपलाइन आडवी आली असेल तर शेतकऱ्याला विचारूनच ओलांडा. ठिबकची नळी फुटली तर नुकसान त्याचं होतं, आणि हे आम्हाला गाडी अडकण्यापेक्षा गंभीर वाटतं.

ओढा आधी पायी ओलांडून बघा. पाणी गुडघ्याला लागलं तर परत फिरा. कमी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, मध्येच न थांबता पार करा आणि बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून वाळवा.

हिवाळ्यानंतर गवताची कुसळं रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिन तापतं, तेव्हा जाळी अधूनमधून साफ करा. वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरने ते पेट घेतं. उन्हाळ्यात टिटवी उघड्या मुरमावरच अंडी घालते, म्हणून वाट सोडून माळावर चाक घालू नका.