दादा खंय?

आंगणेवाडीहून आत्ताच आले. पाय वळतायत, पण झोप नाही.

जत्रेत दर्शनाच्या रांगेइतकाच वेळ सेल्फीत गेला. खाजाच्या दुकानापाशी मुंबईहून आलेल्या एका काकींनी हातच धरला. "तूच मां गो ती बांगड्याच्या तिखल्यावाली?" मग फोटो, मिठी, आणि पाठोपाठ तो ठरलेला प्रश्न. "दादा खंय? हल्ली तेंचा हसणां ऐकाक येना नाय."

दादा म्हणजे माझा नवरा. माझ्या रांधपाच्या व्हिडिओंत तो कधी दिसलाच नाही. फोन धरायचा, आणि मी तिरफळं घालायला विसरले की मागून हसायचा. तेवढ्या हसण्यावर लोकांनी आमचा आख्खा संसार उभा केला. आम्हीही तो होऊ दिला, घराचे हप्ते त्यातूनच गेले. तेव्हा काकींवर चिडायचा हक्क मला कितपत आहे, कुणास ठाऊक. "कामाक गेले," म्हणून सुटले.

परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज घातलाय. सहा महिन्यांची मुदत चालू आहे. ती माफ करता येते असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे, पण तसा अर्ज आम्ही दोघांनीही केला नाही. का, ते एकमेकांना विचारलंही नाही.

वकीलबाईंनी धीर दिला होता. हिंदू विवाह कायद्याच्या २२व्या कलमाप्रमाणे सुनावणी बंद दाराआड होते, त्यातलं काही छापलं तर दंड. किती? हजार रुपयांपर्यंत! आणि त्या बंद दाराबाहेर मी बाकावर बसलेय, तर शिपाई विचारतो, "बाई, सोलकढी फुटता ती कित्याक?" सांगितलं त्याला. काय करणार?

मुलाचा ताबा, सुट्ट्या, फी, सगळ्यावर वाद झाले. वादाशिवाय पार पडली ती एकच अट, नवऱ्याने घातलेली: मुलगा व्हिडिओत दिसणार नाही. मी लगेच सही केली. अनुष्का आणि विराटने २०२१ साली मुलगी झाली तेव्हा फोटोवाल्यांना तशीच विनंती केली होती. तरी पुढच्या जानेवारीत केपटाऊनच्या सामन्यात कॅमेरा तिच्यावर गेलाच आणि दोघांना परत विनवावं लागलं. त्यांना विनवायला समोर कोणीतरी होतं. माझ्या मुलाची फोटोवाली मीच.

स्मिता पाटील १९८६ च्या डिसेंबरात गेली, तेव्हा तिचा मुलगा जेमतेम पंधरवड्याचा होता. स्वतःची अशी आईची एकही आठवण नाही, आणि भेटेल तो आईबद्दल सांगणार. काय होत असेल त्या पोराचं? २०२५ मध्ये त्याने नाव बदलून 'प्रतीक स्मिता पाटील' असं लावलं. ती बातमी वाचून आमच्या झिलाने जेवताना विचारलं, "मी कोणाचा लावू?" मी म्हटलं, दहावी होईपर्यंत आहे तेच राहू दे, सगळे फॉर्म बदलावे लागतात. त्यालाही पटलं. आमच्या घरात मोठे प्रश्न असेच सुटतात, फॉर्मवर.

आंगण्यांच्या बायका भराडीदेवीचा नैवेद्य तोंडातून शब्द न काढता रांधतात. दरवर्षी मला त्याचं नवल वाटायचं, आज हेवा वाटला. मी तर साधा भात वेळतानाही कोणाला तरी सांगत असते की बघा, आता पाणी काढायचं.

निकाल लागला की व्हिडिओत स्वतःच सांगून टाकायचं, असं ठरवलंय. वकीलबाई म्हणतात दोन ओळींत सांगा, कारणं देऊ नका. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "सांग, फक्त माझा जुना आवाज लावू नको." झिलालाही विचारलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "सांग. पण रडा नको. लोकांका ताच आवडता."