येलच्या आवारात युक्लिडची अंत्ययात्रा

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून लोकल पकडली की दोनेक तासांत न्यू हेवन येतं. इथल्या येल विद्यापीठाचे गॉथिक मनोरे बघून लोक हरखतात, पण त्यातले बरेचसे विसाव्या शतकातले, जुने दिसावेत म्हणून तसे बांधलेले. खरा जुना आहे तो कनेक्टिकट हॉल. १७५० च्या सुमाराची ही लाल विटांची इमारत तालुक्याच्या एखाद्या जुन्या कचेरीइतकी साधी. अशा इमारतींची इथे रांगच होती, त्यातली ही एकटी उरली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथली पोरं अंधारात उठून प्रार्थनेला जात आणि न्याहारीच्या आधीच लॅटिन-ग्रीकच्या तासाला बसत. व्हर्जिल, सिसेरो आणि ग्रीक बायबल वाचता आल्याशिवाय प्रवेशच नव्हता. तासाला शिकवणं असं फारसं नसेच. विशी-पंचविशीतला ट्यूटर नाव पुकारणार, मुलाने उभं राहून उतारा लावून दाखवायचा, ट्यूटर वहीत गुण टिपणार. होमर हे काव्य आहे, हे या धबडग्यात किती जणांना कळलं असेल?

‘मृत भाषा’ सक्तीच्या नकोत, अशी कुरबुर तेव्हाही होती. त्यावर १८२८ मध्ये येलने अहवाल काढून ठणकावलं की कॉलेजचं काम मनाला शिस्त लावणं आणि मग ते मन समृद्ध करणं. धंदा नंतर शिकावा. युक्तिवाद मला पटतो. वर्गातली पद्धत मात्र त्याच्या जवळपासही पोचत नव्हती.

मुलांनी आपल्या परीने उत्तर दिलंच. १८३० मध्ये शंकुच्छेदाच्या, म्हणजे शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांच्या भूमितीच्या, परीक्षेत आकृती पुस्तकात बघून नव्हे, स्वतः फळ्यावर काढायची, असा फतवा निघाला. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाने बंड केलं आणि चाळीसहून जास्त जणांना काढून टाकण्यात आलं. त्यापेक्षा युक्लिडचा, म्हणजे त्या ग्रीक गणितज्ञाच्या भूमितीच्या पुस्तकाचा, निरोप गमतीचा. भूमिती संपली की रात्री सगळे जमत. प्रत्येकजण तापलेली सळई पुस्तकात आरपार खुपसे, म्हणजे ‘मी युक्लिडमधून पार गेलो’! मग मुखवटे, मशाली, वाजतगाजत मिरवणूक, लॅटिनमधून श्रद्धांजलीचं भाषण आणि अंत्यसंस्कार. ज्या लॅटिनच्या नावाने बोटं मोडायची, तीच थट्टेला कामी येत होती.

स्टर्लिंग ग्रंथालयात लायनोनिया आणि ब्रदर्स इन युनिटी या दोन विद्यार्थी मंडळांच्या नावाची खोली आहे. हिरव्या चामड्याच्या खुर्च्या, लाकडी कोनाडे. तिथून माझा पाय निघेना. या मंडळांत वादविवाद रंगत आणि पोरांनी वर्गणी काढून हजारो पुस्तकं जमवली होती. कॉलेजच्या ग्रंथालयात न मिळणाऱ्या कादंबऱ्या इथे मिळत. माझ्या मते खरं कॉलेज हेच.

जवळच ग्रोव्ह स्ट्रीटचं कब्रस्तान. तिथे विल्यम ड्वाइट व्हिटनी आहे, १८७९ चं संस्कृत व्याकरण लिहिणारा. अमेरिकेतलं संस्कृतचं पहिलं अध्यासन १८४१ मध्ये येलला एडवर्ड सॅलिसबरीला मिळालं; विद्यार्थी मिळाले दोनच, व्हिटनी आणि ग्रीकचा प्राध्यापक जेम्स हॅडली. १८५४ मध्ये सॅलिसबरीने ती जागा व्हिटनीसाठी सोडली. एवढा मोठा पंडित, पण संस्कृतवर भागेना, म्हणून वर्षानुवर्षं पोरांना फ्रेंच आणि जर्मन शिकवत राहिला.