बारक्याच्या अण्णांची वही

चौथीत आमच्या बाकावर आम्ही तिघं, भिंतीकडे बारक्या. 1998 चा पावसाळा. त्याला सारखा ताप यायचा, मग पाय दुखायला लागले, पीटीच्या तासाला बसूनच राहायचा, आम्हाला वाटायचं टाळतोय. कुठे आपटला नसताना दंडावर काळेनिळे डाग. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि दोनच दिवसात त्याचे वडील, अण्णा, त्याला घेऊन मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला. ब्लड कॅन्सर, एएलएल म्हणतात तो, लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा. हे नाव मला खूप नंतर कळलं, तेव्हा वर्गात एवढंच पसरलं होतं की त्याच्याजवळ बसू नका, लागण होते. कॅन्सर शिवून होत नाही हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, आणि तो टोपी घालून परत आला तेव्हा मी बाक बदलला. त्याने विचारलं नाही काही. नुसतं दप्तर सरकवून माझी जागा मोकळी ठेवली, कितीतरी दिवस.

मुंबईत ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचे. केमो चालू असताना प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी व्हायच्या, नाकातून रक्त सुरू झालं की थांबायचं नाही. आणि प्लेटलेट काढल्यावर फक्त 5 दिवस टिकतात, म्हणजे साठवून ठेवायची सोय नाही, दर वेळी नवा माणूस शोधायचा. अण्णा एसटीत कंडक्टर, मुंबईत त्यांना कोण ओळखणार? तरी माणसं आली. डेपोतले ड्रायव्हर, एक टॅक्सीवाला, कॉलेजची पोरं, धर्मशाळेतल्या दुसऱ्या पेशंटचा भाऊ. अण्णांनी प्रत्येकाचं नाव आणि ब्लड ग्रुप दोनशे पानी वहीत लिहून ठेवला.

मधे वर्षभर तो चांगला होता, शाळेत यायचा, गोळ्या चालू होत्या. मग आजार उलटला. 2000 साली बारक्या गेला. पूर्ण उपचार मिळाले तर यातली बरीच मुलं बरी होतात, त्यामुळे आमचाच का, हे काकू अजून म्हणतात.

पुढच्या वर्षीपासून त्याच्या वाढदिवसाला आपल्या शाळेच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर सुरू झालं, घरच्यांनीच केलं, फोटो नाही, हार नाही, आलेल्याला काकूंच्या हातचा शिरा आणि चहा. अण्णा नेहमी सांगतात की दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई पण 1931 ला रक्ताच्याच कॅन्सरने गेल्या, त्यांच्या घरच्यांच्या मनातून 1941 ला ते हॉस्पिटल उभं राहिलं, आपल्याला हॉस्पिटल नाही बांधता येत पण एक बाटली तर देता येते ना.

2007 ला मला अठरा पूर्ण झाली आणि मी गेलो. खूप भीती वाटत होती, सुईची नाही, अण्णांच्या समोर जायची. त्यांनी तीच वही काढली, मुंबईच्या त्या माणसांच्या नावांपासून सुरू झालेली, आणि माझं नाव लिहिताना पुढे कंसात लिहिलं, "बाकावरचा मित्र".

आता तिसरी वही चालू आहे, बारक्याची ताई लिहिते. यंदाचं शिबिर शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या आठवड्यातच आहे, बॅचमधल्या सगळ्यांनी या रे, उपाशीपोटी येऊ नका.