सगळ्यालाच 'प्रयोग' कसं म्हणायचं?

परवा रात्री भाचीला सायकॉलॉजीच्या पेपरसाठी घेऊन बसलो, प्रश्न एकच, अभ्यासात कुठली पद्धत वापरलीय ते ओळखा, आणि ही बाई सगळीकडे 'प्रयोग' लिहून मोकळी! म्हटलं थांब जरा, आधी बघायचं की संशोधकाने स्वतः काही बदललंय का. बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा बोबो नावाच्या हवा भरलेल्या बाहुलीचा अभ्यास घे, १९६१, ७२ पोरं, काहींसमोर मोठ्या माणसाने बाहुलीला हातोड्याने बडवलं, काहींसमोर तो शांत बसला, काहींना काहीच दाखवलं नाही आणि मग बघितलं की कोण किती मारतंय. गट त्यानेच पाडले, म्हणजे अस्सल प्रयोग. एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचं वेगळं, १९५३ साली त्याचं फिट्ससाठी मेंदूचं ऑपरेशन झालं आणि नव्या आठवणी टिकेनात, एकाच माणसाला वर्षानुवर्षं तपासलं, ती केस स्टडी.

खरी गंमत मिलग्रमची, माणसं हुकूम कुठवर पाळतात ते तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची. ४० पुरुष, त्यातले २६ जण दुसऱ्या माणसाला खरेच शॉक देतोय असं समजून खोट्या शॉकच्या मशीनवर शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले, पण त्या गाजलेल्या फेरीत तुलनेला दुसरा गटच नाही, मग त्याला काटेकोरपणे प्रयोग कसं म्हणायचं! नंतरच्या फेऱ्यांत त्याने परिस्थिती बदलून पाहिली, तेव्हा कुठे तुलना आली. मी रंगात आलेलो आणि भाची म्हणते, "मामा, ते राहू दे, पेपरात काय लिहू ते सांग."