गॅमा १.३३ वर अडकण्याचं कारण सापडलं: जार फुगतोय

हवेचा गॅमा (स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या उष्माधारकतांचं गुणोत्तर) मोजायच्या क्लेमाँ-देसोर्म प्रयोगाच्या मांडणीचा गुंता अखेर सुटला. जार फुगत होता!

मागच्या नोंदीत लहान बाटली काढून २० लिटरचा पाण्याचा प्लास्टिक जार लावला होता, म्हणजे मॅनोमीटरमधलं (दाब दाखवणाऱ्या नळीतलं) पाणी सरकल्याने हवेच्या आकारमानात पडणारा फरक नगण्य व्हावा. तरी आकडे तेच. हवा दाबून भरल्यावर सुरुवातीला मॅनोमीटरमध्ये २० सेंमी, तोटी क्षणभर उघडून मिटल्यावर हवा खोलीच्या तापमानाला परत आली की ५ सेंमी. गॅमा म्हणजे पहिला आकडा भागिले दोन्ही आकड्यांतला फरक: २० भागिले १५, १.३३. कोरड्या हवेला १.४० यायला हवं, म्हणजे दुसरा आकडा ५.७. त्या सात मिलिमीटरांनी झोप उडवली होती.

पहिला संशय तोटीवर. ती उशिरा मिटली तर गार झालेली हवा भिंतींकडून उष्णता घेते, थोडी बाहेर निसटते आणि दुसरा आकडा घटतो. म्हणून अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह काढून एक इंची बसवला. (पितळीच घ्या. पीव्हीसीचा इतका घट्ट फिरतो की झटक्याने बूच हलतं.) सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा नाही. आकडा जागचा हलेना.

मग डायल गेज (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं एक घर असलेलं काट्याचं मापक) मॅग्नेटिक स्टँडवर लावून जारच्या पोटाला टेकवला आणि बीपीच्या यंत्राचा फुगा दाबत गेलो. २० सेंमीपर्यंत काटा वीस घरं पुढे! म्हणजे ०.२ मिमी. दिसायला किरकोळ, पण ते अख्ख्या पोटावर आहे आणि तळही फुगत असणार. आपलं सूत्र धरून चालतं की दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे तोटी मिटल्यावर, हवा स्थिर आकारमानाला तापते. इथे दाब चढू लागला की जार पसरतो आणि दाब तेवढा चढतच नाही. पुण्याचा हवेचा दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल धरला, तर ५ सेंमीला जार १४-१५ मिली जरी फुगला तरी सात मिलिमीटरांचा हिशेब लागतो.

लगेच १० लिटरचा काचेचा कार्बॉय (मोठी बाटली) आणला. ५.६ सेंमी. गॅमा १.३९! वहीतल्या त्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत बसलो.

पुढे रुखार्टची गोळी-नळी (नळीत वरखाली हलणाऱ्या गोळीवरून गॅमा काढायची दुसरी पद्धत) करणार होतो. पण हे लिहिता लिहिता सुचलं की जार टाकून कशाला द्यायचा? तो काठोकाठ पाण्याने भरायचा, बुचात बारीक नळी बसवायची आणि नळीत २० सेंमी उंची टिकवायला किती पाणी जास्तीचं ओतावं लागतं ते मोजायचं. जार किती फुगतो ते सरळ मिलिलिटरमध्ये कळेल, आणि तेवढी दुरुस्ती करून जारचाही गॅमा १.३९ ला येतो का ते बघता येईल. आला, तर वेल्डिंगवाल्याकडून आर्गॉन आणून दोन्ही भांड्यांत भरायचा. त्याचा गॅमा १.६७, म्हणजे २० ला ८ सेंमी यायला हवेत. रुखार्ट त्यानंतर. तोवर हवा भरायच्या नळीत सिलिका जेल घालतोय, पावसाळ्यातली वाफ आकडा थोडासा का होईना खाली ओढते.